दोन ऋणांचा गुणाकार

शहाण्णव सालचा जून होता. काशीच्या माणसालाही काशी नकोशी व्हावी असं ऊन पडलं होतं, आणि नेमक्या त्या दिवसांत माध्यमिक शाळांतल्या बावीस गणित शिक्षकांना दहा दिवसांच्या नेतृत्व प्रशिक्षणाला बोलावलं होतं. जागा भोसले घाटाच्या वरच्या गल्लीतल्या एका शाळेचा हॉल. प्रत्येकाला एक प्लास्टिकची फाइल, एक पेन आणि दुपारी दोन समोसे. समोशातून नेतृत्व कसं येतं, ते बोलावणाऱ्यांनाच ठाऊक. पण बावीस जणांतून एकाचीच मुख्य प्रशिक्षक म्हणून शिफारस होणार होती, आणि विद्युल्लताबाई पुणतांबेकरांना ती हवी होती.

बाई हुशार होत्या, त्यात वाद नाही. एकोणीस वर्षं काशीतल्या हिंदी शाळेत नाकावर माशी बसू न देता शिकवलं होतं. मुख्याध्यापिकेची खुर्ची दोनदा हुकली आणि दोन्ही वेळा वयाने लहान माणसं तिच्यावर बसली. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी ही शेवटची संधी होती. नऊ दिवस सगळं छान पार पडलं होतं.

दहाव्या दिवशी सराव पाठ होते. प्रशिक्षण देणारे काशीनाथ त्रिपाठी एक रिकामा डबा घेऊन आले.

"हर कोई एक परची लिखेगा," ते म्हणाले. "उस बच्चे का नाम, जिसे आप सिखा नहीं पाए. वह कहाँ अटकता था, यह भी. नीचे अपने दस्तखत."

चिठ्ठ्या डब्यात जायच्या. जो जी चिठ्ठी उचलेल त्याने त्या चिठ्ठीतलं मूल व्हायचं, आणि खाली ज्याची सही असेल त्याने सगळ्यांसमोर त्याला शिकवायचं. त्यावरच शिफारस ठरणार होती.

आता मला सांगा, कोणता शिक्षक अशा चिठ्ठीवर खरं लिहील? बाईंच्या मनात नाव लगेच आलं होतं. बकुळ. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या मराठी घरातली, नववीतली मुलगी. बारा वर्षांपूर्वी तिने भर वर्गात विचारलं होतं, की ऋणाला ऋणाने गुणलं तर धन का होतं? बाईंना ते येत नव्हतं. पाठ होतं, पण येत नव्हतं. वर्ग टक लावून बघत होता. "फालतू सवाल करके सबका समय खाती हो," असं म्हणून त्यांनी तिला तासभर हात मागे बांधून उभं केलं. मान डावीकडे कलवून ती फळ्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी पोरीला ताप भरला. मेंदूज्वर निघाला आणि पाच दिवसांत ती गेली. तेराव्याच्या दिवशी बाईंना एका जुन्या पुस्तकात उत्तर सापडलं. तेव्हापासून तो धडा त्यांच्यासारखा कोणी शिकवत नसे.

त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'सुमंत, नववी, चिन्ह विसरतो.' सुमंत नावाचा विद्यार्थी त्यांना कधी नव्हताच.

ती चिठ्ठी चंदौलीच्या प्रभावती सिंह यांनी उचलली. दहा दिवसांत दहा वाक्यंही न बोललेली ही बाई. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि बाकावरून उठल्या. दोन्ही हात मागे बांधले, मान डावीकडे कलली. लाइट गेली आणि पंखा हळूहळू थांबला.

"बाई," प्रभावती म्हणाल्या, "ऋण को ऋण से गुणा करें तो धन क्यों होता है?"

विद्युल्लताबाईंच्या हातातला खडू मोडला. हिंदी शाळेत शिक्षिकेला बाई कोणी म्हणत नाही, बहनजी म्हणतात. एकोणीस वर्षांत त्यांना बाई म्हणणारी एकच मुलगी होती. घरची सवय तिला शाळेत सोडवत नसे.

पण समोर काशीनाथजी वही उघडून बसले होते. बाईंनी खडूचा मोठा तुकडा उचलला. उणे एक गुणिले तीन, मग गुणिले दोन, मग एक, मग शून्य. दर पायरीला उत्तर एकाने वाढत होतं. उणे तीन, उणे दोन, उणे एक, शून्य. आणखी एक पायरी उतरलो की गुणिले उणे एक. उत्तर पुन्हा एकाने वाढणार, म्हणजे धन एक. आवाज एकदाही कापला नाही. काशीनाथजींची मान डोलत होती.

"समझ गई, बाई," प्रभावती म्हणाल्या. "उस दिन क्यों नहीं बताया?"

काशीनाथजींना हा अभिनय फार आवडला. ते पुढे वाकून उत्तराची वाट पाहू लागले. बाईंना खरं सांगता आलं असतं. तीन शब्दांचं होतं. पण तीन शब्दांत शिफारस गेली असती.

"उस दिन तुम गैरहाज़िर थीं," त्या म्हणाल्या.

हॉल हसला, टाळ्या पडल्या. प्रभावती मात्र त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"मैं हाज़िर थी, बाई," त्या अगदी हळू म्हणाल्या आणि खाली बसल्या. मग त्यांनी पाणी मागितलं. "माफ़ कीजिए मैडम, चक्कर-सा आ गया. मेरी बारी हो गई क्या?"

शिफारस बाईंचीच झाली. सप्टेंबरात त्यांनी पहिलं शिबिर घेतलं. वीस शिक्षक, सगळे बलिया-गाजीपूरकडचे. हजेरी घेताना विसावं नाव झालं आणि मागच्या बाकावरून बारीक आवाज आला.

"हाज़िर, बाई."

कोणी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी तोच आवाज मधल्या बाकावरून आला, तिसऱ्या दिवशी पुढच्या. चौथ्या दिवशी तो टेबलापाशी होता. बाईंची झोप उडाली होती. पाचव्या दिवशी आवाज त्यांच्या कोपराशी आला आणि त्यांचा धीर सुटला.

"बकुळ, मला तेव्हा येत नव्हतं गं," त्या भर वर्गात म्हणाल्या.

वीस पेनं वर झाली. "मैडम, मराठी में क्या कहा आपने?" पुढच्या बाकावरचा शिक्षक म्हणाला. "नोट कर लें?"

बाईंनी त्या वीस चेहऱ्यांकडे पाहिलं. हेच हिंदीत सांगायचं, एवढंच राहिलं होतं. तोंड उघडलं, पण झाकून नेण्याची सवय जुनी होती.

"कुछ नहीं. आगे चलिए," असं म्हणून त्या फळ्याकडे वळल्या.

मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. त्यांनी वळून पाहिलं. वीसच्या वीस शिक्षक हात मागे बांधून, माना डावीकडे कलवून उभे होते. त्यांच्यातल्या एकालाही मराठी येत नव्हतं.

"सांगा ना, बाई," ते एका मुलीच्या आवाजात म्हणाले.