एकोणीस फेरे

रविवारी संध्याकाळी पाच वाजता दादा येणार होता, आणि जाताना बाबांच्या गाडीची किल्ली घेऊन जाणार होता. हे फोनवर ठरलं, माझ्या आणि त्याच्यामध्ये. बाबांना नंतर सांगितलं, तेही असं, जणू घरात सगळ्यांचं आधीच एकमत झालंय. झालंच होतं म्हणा. फक्त बाबांना कुणी विचारलं नव्हतं.

निमित्त शेजाऱ्यांच्या फाटकाचं. महिन्यापूर्वी बाबा गाडी गल्लीतून आत घेत होते आणि तिने फाटकाच्या खांबाला अंग घासलं. वीतभर रंग गेला, बस. पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी वीतभर रंगही पुरतो. ही गोष्ट दादाच्या कानावर मीच घातली. सांगताना बरं वाटत नाहीये, पण लपवून काय उपयोग?

बाबांचं एकच पालुपद होतं, "मी नाही, गाडी भरकटते."

"हो बाबा," मी म्हणायचे. असलं 'हो' कशातलं असतं ते म्हाताऱ्या माणसांना बरोबर कळतं.

बाबा बसच्या डेपोत चौतीस वर्षं फिटर होते, त्यातली बरीचशी स्टिअरिंगच्या कामावर. आता त्यांचे गुडघे वाकत नाहीत. वाकत असते तर त्यांनी मला हाकही मारली नसती. रविवारी सकाळी ते नव्या सुट्या भागांची दोन खोकी बगलेत धरून माझ्या दारात उभे राहिले.

"ठमाबाई, आज दुकानाला सुट्टी ना? मग जुने कपडे चढव आणि चल."

दुकान म्हणजे औषधांचं. मी तिथे बावीस वर्षं गोळ्या मोजते आहे आणि मोजण्यात चुकत नाही. हे पुढे लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

आम्ही पुढची बाजू जॅकवर उचलली आणि खाली दोन लोखंडी घोड्या लावल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी गाडीखाली शिरलं की बाबांच्या तळपायाची आग मस्तकात जाते. ते स्टुलावर बसले. मी डाव्या चाकापुढे फतकल मारली.

"चाक दोन्ही बाजूंनी धर. वर-खाली नाही, आडवं. आता हलव."

मी हलवलं. टक्. परत हलवलं. टक्. तळहाताला लागेल इतका झोल होता.

"लागला हाताला?" बाबांनी विचारलं.

लागला. आपण स्टिअरिंग फिरवतो तेव्हा आतला एक दांडा चाकाला ढकलतो. त्या दांड्याच्या टोकाला गोळ्याचा सांधा असतो, आपल्या खुब्यासारखा. त्याला टाय रॉड एंड म्हणतात. गोळा झिजला की हात एक सांगतात आणि चाक दुसरंच करतं. आमच्या गाडीचे दोन्हीकडचे गोळे झिजले होते, रबर फाटून ग्रीस वाळून गेलं होतं. महिनाभर माणूस खरं बोलत होता. मला लाज वाटली. तरी मनाचा एक कोपरा हटून बसला होता, की सांधा झिजला असेल, पण वयही झालंयच की.

आई चहा घेऊन आली आणि गाडीखालून बाहेर आलेले माझे पाय बघून म्हणाली, "बरं झालं, पाय लेकीचे आहेत. यांच्या पायांना मी सकाळीच तेल लावलंय."

डावीकडचं काम झकास झालं. पिन काढली, नट सैल केला. बाबांनी सांगितलं तसे दोन हातोडे दोन बाजूंनी एकदम हाणले आणि सांधा निसटला. मग आली बाबांची खास पद्धत. सांध्याचा जुना तुकडा दांड्यावरून फिरवून काढायचा आणि किती फेऱ्यांत निघाला ते मोजायचं. नवा तितकेच फेरे आत घालायचा, म्हणजे चाक पहिल्या जागी बसतं. वर्कशॉपमध्ये नेऊन अलाइनमेंट करायची ती करायचीच, पण तिथवर गाडी सरळ तर जायला हवी. मोजताना दोघांनी मनात मोजायचं आणि शेवटी एकदम आकडा बोलायचा. डेपोत ते असंच करायचे.

"अठरा," आम्ही दोघं एकदम म्हणालो. बाबा खूश.

उजवीकडे मी जरा घाईच करत होते. पाठ भरून आली होती आणि दादाची पाचची वेळ डोक्यात होती. मी तुकडा गरागरा फिरवायला घेतला तोच बाबा ओरडले, "अगं, दांडा धर आधी! पकडपाना लाव." मी पाना लावला, दांडा घट्ट धरला आणि पुढे फिरवत राहिले. तुकडा हातात आला.

"एकोणीस," बाबा म्हणाले.

"एकवीस," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "एकोणीस, ठमाबाई."

मी वाद घातला नाही. वाद घालायला समोरचा आपल्या तोडीचा वाटावा लागतो, आणि त्या क्षणी मला बाबा तसे वाटले नाहीत. मला वाटलं, बिचारे दोन विसरले. तेवढ्यात आतून आईने हाक मारली, दादाचा फोन होता. भिंतीला धरत बाबा उठले. "लॉकनटसुद्धा काढून आटे ब्रशने साफ कर," असं सांगून आत गेले. मी आटे साफ केले, नट चढवला आणि नवा तुकडा आत घातला. एकवीस फेरे. बाबा परत आले तेव्हा पिनसुद्धा लावून झाली होती.

"एकोणीस ना?"

"हो," मी म्हणाले.

दुपारी चारला आम्ही चाचणीला निघालो. बाबा चालवत होते. स्टिअरिंगच्या वरच्या टोकाला त्यांनी फार पूर्वी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलेला आहे. गाडी सरळ चालली की पट्टी बरोबर मध्ये असते, घड्याळातल्या बारासारखी. गल्ली संपून सरळ रस्ता लागला आणि पट्टी एकावर गेली. बाबांनी हात वळवून ती मध्ये आणली, तर गाडी बाजूच्या झाडांकडे निघाली. त्यांनी पुन्हा सावरलं. पट्टी पुन्हा एकावर. झोल गेला होता, टक्टक् गेली होती, पण गाडी वाकडीच होती.

शाळेजवळच्या एका बंद दुकानासमोर त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"दादाला सांग, माझी काही तक्रार नाही."

"बाबा, असं काय करता?"

"एकोणीस नव्हते. तू एकवीस म्हणालीस तेच असणार. मी चुकलो." ते समोर बघत होते, काचेतून. "चौतीस वर्षांत माझा फेरा चुकला नाही. आता एवढं मोजता येत नसेल, तर रस्त्यावर माणसं चालतात, लहान मुलं असतात. नको."

मला रडू फुटलं. मी रडणाऱ्यातली नाही, पण फुटलं. माझ्या एका 'हो'ने मी त्यांच्याकडून गाडीच नाही, त्यांचा स्वतःवरचा भरवसा काढून घेत होते. आणि ते तो मुकाट्याने देत होते.

"एकोणीस घातलेच नाहीत मी," मी म्हणाले. "एकवीस घातले. तुम्ही आत गेलात तेव्हा."

बाबांनी मान वळवली. "का?"

"मला वाटलं, तुम्ही दोन विसरलात."

आता ओरडतील असं वाटलं, ओरडले असते तर सोपं गेलं असतं. मग त्यांनी विचारलं, "सुरुवातीला दांडा धरला नव्हतास ना?"

"नव्हता."

"मग पहिले दोन फेरे दांडाच सोबत फिरत होता. तुकडा जागचा हलला नव्हता. मी दांड्याकडे बघत होतो, तू आपल्या हाताकडे." त्यांचा श्वास मोकळा झालेला मला ऐकू आला. "म्हणजे एकोणीसच."

"एकोणीसच," मी डोळे पुसत म्हणाले.

"दुकानात लोकांना गोळ्या तरी बरोबर देतेस ना गं?"

त्यांनी किल्ली माझ्या मांडीवरून उचलली. हळूहळू, वाकडी पट्टी सांभाळत आम्ही घरी आलो. पुन्हा जॅक, पुन्हा घोड्या. मी सगळं खोललं, आधी दांडा धरला आणि या वेळी मोठ्याने मोजत एकोणीस फेरे घातले. बाबा स्टुलावर डोळे मिटून बसले होते. एकोणिसाव्याला ते "बस" म्हणाले.

दादा पाचला आला. बाबांनी त्याला चहाही विचारला नाही, सरळ पुढच्या सीटवर बसवलं. मी मागे बसले. मोठ्या रस्त्यावरून वळसा घालून, बाजार ओलांडून आम्ही परत आलो आणि पट्टी बारावरून हलली नाही. दादा आधी बाबांच्या हातांकडे बघत होता, मग रस्त्याकडे बघायला लागला. शेजाऱ्यांच्या फाटकापाशी बाबांनी गाडी अशी आत घेतली की खांबाला हवाही लागली नसेल.

उतरल्यावर दादा माझ्याकडे वळला. तो कधीच दबक्या आवाजात बोलत नाही. "अगं, तूच तर फोनवर म्हणालीस, बाबांच्या हातात आता गाडी नको. फाटकाचंही तूच सांगितलंस."

बाबा दोन पावलांवर होते. त्यांना हे माहीत नव्हतं.

"म्हणाले होते," मी म्हणाले. "गाडी न बघता म्हणाले होते. बाबांना न विचारता. चुकलं माझं."

दादाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन त्यांनी किल्ली नेहमीच्या खिळ्याला अडकवली. दादाने हात पुढे केला नाही.

"उद्या सकाळी अलाइनमेंटला जायचंय," बाबा आतून म्हणाले. "येताना डोळेही तपासून घेतो, ते माझं मीच ठरवलंय. ठमाबाई, तू येशील ना?"

"येईन."

"ये. पण मोजणार मी."