काळं तूस

आमचे हे, त्सुनेओ, तीस वर्षं भाताचं तूस जाळून त्याचा कोळसा शेतात मिसळत आले. त्याने रोपाची कांडी टणक होते, मग समुद्रावरून वाऱ्याबरोबर येणाऱ्या तुडतुड्यांची सोंड तिच्यात सहजी शिरत नाही. गाव हसायचं. मीही हसायचे, खोटं कशाला सांगू?

गेल्या वर्षी कापणी झाली आणि ते दवाखान्यात पडले. तिथूनही तेच पालुपद. "फुसाए, ढीग सोडून हलू नकोस. काळं झालं की लगेच पसर आणि पाणी मार. पांढरी राख झाली तर सगळं मातीत."

"अहो, मी काय कुकुलं बाळ आहे?" मी फणकारले.

पत्र्याच्या नळकांड्याभोवती तूस रचून पेटवलं. दुपारी टीव्हीवर फुकुओकाची सुमो लागली होती. एकच कुस्ती बघते म्हणून आत गेले ती शेवटची कुस्ती संपल्यावरच उठले. बाहेर ढीग पांढराफटक.

"काळंकुळकुळीत झालंय," असं त्यांना फोनवर सांगितलं. तीच राख शेतात पसरली. मन खात होतं म्हणून लावणीनंतर युरियाही दुप्पट टाकला. शेत इतकं हिरवंगार झालं की वाटलं, पाप झाकलं. पण ती लुसलुशीत पानं म्हणजे तुडतुड्यांना मेजवानीच होती, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

सप्टेंबरात ते घरी आले. बांधावर खुर्ची टाकून दिली. शेतात जागोजागी गोल चट्टे पडले होते, त्यातलं भात वाळून आडवं झालेलं.

शेजारचे इवाओ आले. "दादा, तुसाची पोती भरून ठेवलीत. यंदा मीही जाळतो तुमच्यासारखं. शिकवाल ना?"

"नको रे बाबा. तू आपलं औषधच मार." ह्यांनी शेताकडे हात केला. "बघतोयस ना? तीस वर्षं मी नुसती राख फुंकली. लोक हसत होते ते बरोबरच होतं."

मी चहा घेऊन मागेच उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं.

"चहा निवतोय," मी म्हटलं.

आठवड्याभरात ते गेले.

काल त्यांच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचं, आमच्याकडच्या शेवटच्या दिवसकार्याचं, जेवण झालं. आज सकाळीच ढीग पेटवला आणि टीव्हीची वायर काढून ठेवली. दिवसभर तिथून हलले नाही. काळं झालं तसं पसरलं, पाणी मारलं.

बांधावरून जाताना इवाओ थांबले. "वहिनी, दादा तर नको म्हणाले होते."

"त्यांचं तूस चांगलंच होतं, भावजी. गेल्या वर्षी राख मी केली. सुमो बघत बसले होते."

इवाओ फावड्याने काळं तूस पसरू लागले. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सोडून मी ते आता इवाओंना सांगत होते.