न मारलेली उडी

मी पांढरा घोडा बोलतोय. पांढरा आपला नावाला. इतक्या वर्षांत बोटांचा घाम लागून लागून मी मधाच्या रंगाचा झालोय.

उशांगी नावाच्या सुताराने मला कोरलं. कान कोरताना त्याचं हत्यार निसटलं आणि माझा डावा कान आखूड राहिला. "राहू दे," तो म्हणाला, "खोडकर दिसतोय." तसा मी आहेच. हत्ती कोपऱ्यात तासन्‌तास शांत उभा राहतो. मला मात्र एका घरात बसवत नाही.

आमच्या जॉर्जियात मुलीला सासरी धाडताना सोबत बुद्धिबळाचा डाव द्यायची जुनी रीत आहे. तसा मी एतेरीबरोबर कुताइसीतल्या या घरात आलो. एतेरी दातांची डॉक्टर. तिचा नवरा एल्गुजा संगीतशाळेत पांदुरी हे तीन तारांचं वाद्य वाजवायला शिकवतो. दोघंही गावच्या बुद्धिबळ क्लबात खेळतात. घरात तिसरी एल्गुजाची आई, वेनेरा. तिला घोडा आणि उंट यातला फरक आजतागायत कळलेला नाही, आणि त्याचं तिला दुःखही नाही.

यंदा क्लबाच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत नवरा-बायकोच समोरासमोर आले. जो जिंकेल तो बातुमीच्या सामन्यात गावाच्या संघात पहिल्या पटावर बसणार. एल्गुजा जिंकला. मी तिथे नव्हतो. क्लबाचे मोहरे वेगळे असतात. पण संध्याकाळी घरी आल्या आल्या दोघांनी आम्हाला टेबलावर मांडलं. हरलेला डाव परत खेळून कुठे चुकलं ते शोधायचं, हा या घराचा नेमच आहे.

सुरुवातीला मजा चालली होती. एल्गुजा खुशीत होता, गुणगुणत चाली खेळत होता. मध्येच त्याचा हात थांबला.

"एतेरी, इथे तू घोडा मागे का घेतलास?"

"का म्हणजे? भीती वाटली."

त्याने मला उचललं आणि पुढे अडीच घरांवर ठेवलं. त्याच्या राजाला शह, आणि त्याच उडीत वजिरावर माझा नेम. राजा बाजूला सरकला की वजीर फुकटात माझा!

"हे तुला दिसलं नाही?"

एतेरीचा चेहरा पडला. "नाही दिसलं."

"तुला? क्लबातली शेंबडी पोरंसुद्धा ही उडी बघतात!"

"नाही दिसलं म्हणते ना!"

"लोकांचे दात उपटताना तुझा हात कचरत नाही, आणि माझा वजीर घ्यायला कचरला? तू मुद्दाम सोडलास मला. दया आली माझी!"

"मुद्दाम? दिवसभर डोकं फुटेस्तोवर खेळले मी! हरले ते हरले, वर खोटारडी ठरू का?"

त्याने मला दाणकन परत जागेवर ठेवलं आणि तो दार आपटून बाहेर गेला.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. डाव तसाच मांडलेला राहिला. जाता-येता एल्गुजा थांबायचा, मला उचलायचा, ती उडी मारून बघायचा आणि चडफडत परत ठेवायचा. एतेरी कपडे वाळत घालता घालता आत यायची, तिचंही तेच. उचल, ठेव, उचल, ठेव. मला धड उभं राहू देईनात, धड उडू देईनात. माझं बूड घासून निघालं.

"तुमचा हा लाकडी संसार उचला आता," वेनेरा ओरडायची. "खाचापुरी काय मांडीवर घेऊन खाऊ?"

"आई, हात लावू नकोस त्याला," दोघंही एकदम म्हणायची. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत.

शेवटी जेवताना एल्गुजाने ताट सरकवलं. "मी बातुमीला जात नाही. क्लबात सांगून येतो. भीक म्हणून मिळालेल्या पटावर मी बसणार नाही."

"आणि लोक काय म्हणतील? बायकोने नवऱ्याला डाव दान केला? माझं नाव कशाला घालवतोस?"

तो कोट शोधायला आतल्या खोलीत गेला. एतेरी माझ्यासमोर बसली. तिने मला उचललं, उडी मारली, शह दिला. काळा राजा तिनेच बाजूला सरकवला. मग तिने माझ्याकडून वजीर मारवला. इतक्या दिवसांत इथपर्यंत कुणी आलंच नव्हतं! शह दिसला की दोघांचं भांडण सुरू. पुढची चाल खेळणार कोण?

ती बघत राहिली. मी जिथून उठलो होतो ते घर आता रिकामं होतं. तिथे उभा राहून मी काळ्या हत्तीची वाट अडवून धरली होती; खऱ्या डावात मागे घेतल्यावरही मी शेवटच्या रांगेत राजाच्या राखणीलाच होतो. एतेरीने काळा हत्ती हळूच पुढे ढकलला, थेट आमच्या शेवटच्या रांगेत. आमचा राजा आपल्याच प्याद्यांच्या मागे कोंडलेला. मात.

"एल्गुजा!" ती किंचाळली. "कोट ठेव! इकडे ये!"

तो आला. तिने चाली परत खेळून दाखवल्या. त्याने खाली बसून स्वतः खेळून बघितल्या. मग तो हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे ही उडी मारली असतीस तर तिथल्या तिथे हरली असतीस?"

"हो रे बाबा. दया कसली नि काय कसलं!"

इथे मिटलं असतं. पण एतेरी काही हसली नाही. "मग मी हरले कुठे?" ती म्हणाली आणि डाव पहिल्यापासून मांडायला लागली. तिची बोटं भराभर चालत होती. मध्यावर येऊन ती थांबली. तिथे तिचा उंट काळ्या राजाच्या किल्ल्यावर तुटून पडू शकत होता. धोक्याची चाल, पण जबरदस्त. तिने ती सोडून उंटांची अदलाबदल करायची संधी शोधली होती, आणि तेव्हापासून डाव हळूहळू तिच्या हातातून गेला होता.

"इथे," ती म्हणाली. "दुसरं कुणी समोर असतं तर मी उंट बळी घातला असता. तुझ्यासमोर नाही घातला."

"का?"

"ठाऊक नाही. तुझ्याशी खेळताना मी नेहमीच डाव सपाट, बिनधोक करते. विचार करून नाही. हातच तिकडे जातो." तिने उंट उचलून परत ठेवला. "लग्नानंतरच्या नाताळात आपण सगळ्या पाहुण्यांसमोर खेळलो, मी जिंकले, आणि तू ईस्टरपर्यंत माझ्याशी धड बोलला नाहीस. आठवतंय?"

 एल्गुजाने काळं प्यादं उचललं, बोटांत फिरवलं. वेनेरा दारात उभी होती. तिने तिथेच बसून ताट मांडीवर घेतलं.

"आठवतंय," तो म्हणाला.

बातुमीला तो गेला, पहिल्या पटावर. एतेरी दुसऱ्या पटावर. तो जिंकला थोडं, हरला जास्त, आणि दोन्हीची चर्चा गाडीत घर येईपर्यंत चालली. ते सगळं मी ऐकीव सांगतोय. मला माहीत आहे ते आजचं.

आज रविवार. आम्हाला नव्या डावासाठी मांडलंय.

"नीट खेळ," एल्गुजा म्हणाला.

"नंतर रुसायचं नाही."

"रुसेन. थोडा वेळ रुसेन. पण तू खेळ."

आता पटावर नुसती आग आहे. एतेरीने उंट कधीच घालून टाकलाय, काळ्या राजाचा किल्ला फुटलाय, एल्गुजा कपाळ पुसतोय आणि "शाबास, डॉक्टरीणबाई, भूल तरी द्या!" म्हणून ओरडतोय. एतेरीने मला उचललंय. कुठे ठेवणार, मला सांगितलेलं नाही. मी तिच्या बोटांत, हवेत आहे. माझ्याखाली एकही घर नाही, आणि माझा जीव नुसता वरखाली होतोय.

बाई गं, ठेव आता. जिथे ठेवशील तिथे. फक्त मागे नको.