तिरका शिक्का

दोस्तांनी भलं करायला जाऊन आमचं वाटोळं केलं, हे आधीच सांगून टाकते.

पुठ्ठ्याच्या कारखान्यात आमच्या ह्यांचा उजवा हात रोलरमध्ये गेला. मनगटापासून काढावा लागला. हे दवाखान्यात असताना खाडे पडू नयेत, नोकरी तुटू नये, म्हणून दोस्तांनी रोज ह्यांचं हजेरीचं कार्ड घड्याळात घालून शिक्का मारला. एकमेकांची कार्डं मारायची तिथे सवयच आहे. कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

सहा महिन्यांनी अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज फेटाळल्याचं पत्र आलं. कारण काय, तर अर्जदार रोज कामावर हजर आहे!

माझं डोकंच फिरलं. माझ्या शिलाईवर घर किती दिवस रेटणार? आणि ह्यांनी तर हातासोबत बोलणंही टाकलं होतं. दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसून असायचे. मी अपील ठोकलं आणि लंबूला गाठलं. लंबू म्हणजे ह्यांच्या शेजारच्या मशीनवरचा.

"भाऊजी, कार्ड तुम्ही मारलंत ना? मग तसं लिहून द्या."

"देतो वहिनी. पण आम्ही बाराच दिवस मारलं. नंतर भीती वाटली, बंद केलं."

"मग पुढचं कोण मारतंय?"

लंबूने पिशवीतून कागदांची चळत काढली. "ते मला विचारू नका," म्हणाला, आणि कार्डांच्या झेरॉक्स माझ्या हातात कोंबून निघून गेला.

मी घरी येऊन त्या बघितल्या. पहिल्या बारा दिवसांचे शिक्के सरळ होते. तेराव्यापासून सगळे तिरके. आता ह्यांना कार्ड सरळ घालणं जन्मात जमलं नाही. लग्नाच्या फोटोतही हे तिरकेच उभे आहेत, मी कायम चिडवायची.

त्या संध्याकाळी ह्यांचा शर्ट धुवायला घेतला, तर कॉलरला पुठ्ठ्याची पिवळट धूळ. झटकली तर हातावर पडली. हे दिवसभर खुर्चीतून हलले नव्हते, मी समोरच शिवत बसले होते. मी कुणाला काही बोलले नाही. लोकांनी वेड्यात काढलं असतं.

सुनावणीला आम्ही दोघं पेन्शनच्या कचेरीत गेलो. फायलींनी भरलेली कपाटं, डुगडुगणारं बाक. ह्यांनी डाव्या हाताने माझं बोट घट्ट धरलं होतं. साहेबांनी लंबूचा जबाब वाचला.

"बारा दिवसांचं समजलं, बाई. पण आजचं काय? कारखान्याने कळवलंय, आज सकाळी आठ वाजून दोन मिनिटांनी हजेरी लागली आहे."

"अहो साहेब, माणूस तुमच्या पुढ्यात बसलाय!" मी ह्यांची बाही वर सारली.

साहेबांनी चष्मा काढून नीट बघितलं. माणूस वाईट नव्हता. "मलाही दिसतंय. पण नोंद खोटी आहे हे कारखान्याने म्हणायला हवं," म्हणाले, आणि माझ्यासमोरच फोन लावून स्पीकर चालू केला.

"तो ना? मशीनवर आहे की," पलीकडून मॅनेजर म्हणाला.

"बोलवाच त्याला!" मी ओरडले. "बघू तरी कोण तोतया आहे!"

मशीनची खडखड ऐकू येत राहिली. मग कुणीतरी फोन उचलला.

"काय गं, आज कुणाला फैलावर घेतलंयस?"

तोच आवाज. जरासा बसलेला, हसरा. इतके महिने मी ह्या आवाजासाठी झुरत होते. माझा राग कुठल्या कुठे गेला. खरं सांगते, मला आनंद झाला. डोळे भरून आले.

"अहो, संध्याकाळी लवकर या," मी म्हणाले.

"येतो," आवाज म्हणाला, आणि फोन बंद झाला.

साहेबांनी फोन बाजूला सरकवला. मग त्यांनी पेन उचललं. एक ओळ लिहिली, आणि कागद माझ्याकडे वळवला: अर्जदार कामावर असल्याचं त्याच्या पत्नीलाही मान्य आहे.

शेजारी बसलेल्या ह्यांनी माझं बोट हळूच सोडलं.