चिठ्ठीत हाताचं काही नव्हतं

“माझी बोटं बधिर झाली, पण मी नारायणचा हात सोडला नाही,” असं म्हणून महादेवराव साहेबांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

हिवऱ्याच्या शाळेपुढच्या मांडवात माणसं दाटीनं बसली होती. बाहेर बांधलेल्या बैलांच्या घुंगुरमाळा वाजत होत्या. मेहकर तालुक्याचं जनावरांचं प्रदर्शन यंदा मुद्दाम हिवऱ्याला भरवलं होतं, कारण पहिल्या नंबरच्या बैलजोडीला द्यायच्या चांदीच्या पदकावर या गावच्या नारायणचं नाव कोरलेलं होतं. पदक साहेबांनी स्वतः करवून आणलं होतं. साहेब म्हणजे नागपूरच्या पशुवैद्यक खात्याचे डेप्युटी सुपरिंटेंडेंट. वऱ्हाडातले सगळे ढोरदवाखाने त्यांच्या हाताखाली. पुढच्या सतरंजीवर नारायणची म्हातारी आई झुंबरबाई तोंडाला पदर लावून बसली होती. पोराला जाऊन एकवीस वर्षं झाली होती, पण असा भर सभेत त्याचा मान कुणी केला नव्हता.

स्टेजच्या पायरीशी इनामांची यादी धरून रंगराव उभा होता. तो चिखलीच्या ढोरदवाखान्यात लस टोचायचं काम करी. बुळकांडीची साथ आली की खांद्याला पेटी अडकवून गावोगाव हिंडायचं, बैलाच्या मानेत सुई खुपसायची आणि पुढचं गाव धरायचं. महिन्याकाठी शेकडो माना त्याच्या हाताखालून जात. कित्येकदा सुई आत शिरताना त्याच्या मनात एकच मान असे, आणि ती बैलाची नसे.

आज ती मान कडक कॉलर लावून समोर उभी होती आणि तिच्यावरचं तोंड बोलत होतं. बाकीचं सगळं खोटं रंगरावच्या ओळखीचं होतं. हे हाताचं मात्र नवीन होतं.

खरं काय ते रंगरावनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

रंगराव उंद्रीचा, नारायण हिवऱ्याचा आणि महादेव अमरावतीचा. तिघंही घरच्या जमीनजुमल्यावर विलायतेला गेले आणि एडिंबरोला गुरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात एकाच वर्गात बसले. एकाच म्हातारीच्या घरी राहत, एकाच शेगडीवर आलटून पालटून पिठलं रांधत. महादेवचं इंग्रजी साहेबासारखं. नारायणचं कामापुरतं. रंगरावला पुस्तक समजे, पण बोलायची वेळ आली की शब्द घशात अडकत.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि नारायणनं कुठूनसं एक चित्राचं कार्ड आणलं. डोंगर, मधे लांबच लांब तळं, तळ्यात बेटं.

“शनिवारी जाऊ, आयतवारी रातच्याले वापस,” तो म्हणाला. “दोन वरसं झाले, ह्या मुलखात आपन ढोराचे दात सोडून काई पाह्यलं नाई बे.”

शनिवारी तिघं आगगाडीनं निघाले. म्हातारीनं पाव आणि उकडलेली अंडी बांधून दिली होती. नारायणनं आईनं पाठवलेल्या लिंबाच्या लोणच्याचा तळ खरवडून बरोबर घेतला. आगबोटीच्या कठड्याला टेकून तिघांनी पावाला लोणचं लावून खाल्लं तेव्हा शेजारची मडम नाक मुरडून दुसरीकडे जाऊन बसली आणि ते पोट धरून हसले. डोंगरावर अजून बर्फाच्या रेघा होत्या. नारायण म्हणाला, “आपलं लोनार गोल हाय, हे निस्तं लांब. पन पानी असं निळं म्या जलमात पाह्यलं नाई.” महादेवनं नवा क्यामेरा आणला होता. त्यानं दोघांना उभं करून फोटो काढला. रात्री काठावरच्या खाणावळीत एका पलंगावर तिघं झोपले. रंगरावच्या आयुष्यातला तो एवढाच एक दिवस असा होता की ज्यात त्याला कशाचीही काळजी नव्हती.

रविवारी सकाळी महादेवला समोरचं बेट पाहायचं होतं. होडीवाला म्हणाला, आज देवाचा वार, होडी मिळणार नाही, आणि वाराही बरा नाही. तो प्रार्थनेला निघून गेला. महादेव तडक धक्क्यावर गेला आणि दोराची गाठ ओढू लागला. ती त्याला सुटेना.

“रंग्या, तुले तं ढोरं सोडाची सवय हाय. सोड ना बे,” तो म्हणाला.

रंगरावनं गाठ सोडली. नव्या बुटांनी त्याच्या टाचा सोलल्या होत्या, म्हणून तो मात्र सामान राखत काठावर बसला. होडी दोनशे पावलं आत गेली असेल, महादेव क्यामेरा घेऊन उभा राहिला. होडी कलंडली. नारायण पट्टीचा पोहणारा; त्यानं बुडणाऱ्या महादेवला केसांनी धरून उलट्या होडीपाशी आणलं आणि खालून रेटून वर चढवलं. तेवढ्यात त्याचीच ताकद संपली. “महाद्या, हात दे,” तो ओरडला. पाण्यावरून शब्दन् शब्द ऐकू येत होता. “महाद्या, हात दे.” तीनदा. महादेवनं दोन्ही हातांनी होडीचा कणा कवटाळला होता. त्यानं मान फिरवून नारायणकडे पाहिलं, आणि एकही हात सोडला नाही. पोहता न येणारा रंगराव गुडघाभर पाण्यात उभा राहून बोंबलत होता. लोक दुसरी होडी घेऊन पोचले तेव्हा उलट्या होडीवर एकटा महादेव उरला होता.

चौकशीत महादेव सरळ, स्वच्छ इंग्रजीत बोलला. होडी रंगरावनं सोडली, पैज रंगरावनं लावली, आणि आम्हाला ढकलून स्वतः काठावर राहिला. गाठ कुणी सोडली, असं रंगरावला विचारलं. त्यानं ‘मी’ म्हटलं, आणि पुढचं काही त्याच्या तोंडून निघालं नाही. कॉलेजातून नाव कमी केलं. पदवी नाही, काही नाही, तोंड लपवत तो मुंबईच्या बंदरावर उतरला.

आल्या आल्या तो हिवऱ्याला गेला होता. झुंबरबाईनं त्याला उंबऱ्याबाहेर उभं केलं, शाळामास्तरला बोलावलं आणि विलायतेहून आलेली महादेवची चिठ्ठी गावासमक्ष वाचायला लावली. ती संपल्यावर चुलीतली राख आणून तिनं त्याच्या अंगावर टाकली. पुढे दोन वर्षांनी, डॉक्टर होऊन आलेल्या महादेवनं निरोप पाठवला: चिखलीला टोचणाऱ्याची जागा आहे, शब्द टाकतो. वडील तोवर वारले होते, भाऊबंद विचारीत नव्हते. रंगरावनं जागा घेतली. बदल्यात काय द्यायचं हे दोघांपैकी कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

मांडवात टाळ्या पडल्या. रंगराव यादीतल्या नावांकडे पाहत होता आणि त्याला नावं दिसत नव्हती. शाळामास्तरच्या आवाजातली ती चिठ्ठी त्याच्या कानात सुरू झाली होती. राख पडली तेव्हाचा एकेक शब्द त्याला पाठ होता. महादेव मात्र स्वतःच लिहिलेलं विसरला होता. एकवीस वर्षांनी त्यानं एक हात जास्तीचा लावला होता. रंगरावला हसू फुटलं, आणि ते त्यानं यादीआड दाबलं. आता घाई नव्हती. साहेबाचं जेवण झुंबरबाईच्याच घरी होतं.

ओसरीवर पत्रावळी मांडल्या होत्या. पुरणाच्या पोळ्या, वाटीभर तूप, वांग्याची भाजी, कुरडया. गावचे दोनचार जुने लोक भिंतीशी बसले होते. साहेब पाटावर बसले. रंगराव रीतीप्रमाणे अंगणातच थांबला. त्या घराची ओसरी तो राख पडल्यापासून चढला नव्हता.

“माय,” साहेब मोठ्या मनानं म्हणाले, “आज नारायणचा दिवस आहे. त्यालाही बसवा. एका चुकीची किती वर्षं शिक्षा द्यायची? मी त्याला केव्हाच माफ केलं आहे, आता तुम्हीही करा.”

भिंतीजवळच्या लोकांनी माना हलवल्या. झुंबरबाईनं साहेबांच्या शेजारी आणखी एक पाट मांडला.

“साहेब म्हनते म्हनून,” ती म्हणाली. “या. बसा.”

रंगरावनं चपला काढल्या, पाय धुतले आणि महादेवच्या शेजारच्या पाटावर जाऊन बसला. माफी! याच तोंडानं! एखाद्या बैलालाही कधी धरलं नसेल तितक्या शांतपणे त्यानं स्वतःला धरलं. म्हातारीनं पोळी वाढली, त्यावर तूप सोडलं. महादेवनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मग रंगराव बोलला.

“मावशी, साहेबाची चिठ्ठी हाय काय तुमच्यापाशी?”

“कोनती?”

“विलायतेहून आलेली. तुमी मास्तरले वाचाले लावली व्हती.”

“वाचाले काऊन पाह्यजे? तोंडपाठ हाय मले.” तुपाची वाटी हातात तशीच धरून तिनं म्हणायला सुरुवात केली, मास्तरच्याच सुरात, पुस्तकी शब्दही तसेच ठेवून. रंगरावनं पैज लावली. रंगरावनं गाठ सोडली. वारा सुटला. “‘होडी उलटताच मी बेशुद्ध झालो. डोळे उघडले तेव्हा काठावर होतो. नारायणला शेवटचं पाहणंही माझ्या नशिबी नव्हतं...’”

तिथं ती अडखळली.

“मंग हात कवा धरला?” रंगराव हळूच म्हणाला.

महादेवचा घास हातात राहिला. “ही काय वेळ आहे, रंगराव? आईंना उगाच...”

“आज सभेत तुमी बोटं बधिर झाले म्हनले, साहेब,” झुंबरबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ती खरंच विचारत होती. “चिठ्ठीत हाताचं काईच नाई. म्या हजार खेपा आयकली. यातलं खरं कोनतं?”

“माय, इतक्या वर्षांनी माणूस...”

“सांग ना, महाद्या,” रंगराव म्हणाला. एकवीस वर्षांत त्यानं हे नाव तोंडातून काढलं नव्हतं. “त्यानं तुले केसानं धरून वर काढलं. मंग त्यानं तीन खेपा हात मांगतला. म्या काठावरून आयकलं. तू त्याच्याकडे पाह्यलं. तू देल्ला काय हात?”

महादेवरावांच्या कपाळावर घाम आला. कॉलरीत बोट घालून त्यांनी ती सैल केली, आणि जे बाहेर पडलं ते साहेबाचं मराठी नव्हतं.

“म्या भेलो व्हतो, माय. मले पोहता येत नोयतं. हात सोडला असता तं म्याबी...”

या क्षणाची रंगरावनं किती गावांच्या वाटेवर कल्पना केली होती! तो क्षण समोर आला तेव्हा त्याला तो आणखी लांबवावासा वाटला. महादेवचे लाल झालेले कान तो डोळे भरून पाहत होता. त्याला कीव आली नाही. यावी असं वाटलंही नाही.

झुंबरबाईनं तुपाची वाटी खाली ठेवली.

“उठा, साहेब.”

“माय...”

“माह्या घरच्या पानावरून उठा. तुमी भेले त्याचं मी काई म्हनत नाई. जिवाले मानूस भेते. पन माह्या लेकाचा हात तुमी आज सभेत मिरवला.”

नागपूरचे डेप्युटी साहेब अर्ध्या जेवणावरून उठले. उष्ट्या हातानंच त्यांनी टोपी उचलली. बाहेर मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. गावकरी एकेक करून खाली मान घालून निघून गेले. रंगराव बसून राहिला. त्यानं पोळीचा तुकडा मोडला. त्याला खरोखर भूक लागली होती.

“तुमीबी,” झुंबरबाई म्हणाली.

त्यानं वर पाहिलं.

“गाठ कोनं सोडली व्हती?”

“म्या. त्यानं सोडाले लावली, पन सोडली म्या.”

“आन् हे सारं तुमाले ठावं व्हतं. राख टाकली त्या दिसीबी ठावं व्हतं. मंग काऊन सांगलं नाई?”

“त्या दिसी कोन आयकलं असतं, मावशी?”

“मंग? दुसऱ्या साली? धाव्या साली? चिखली काई विलायतेत नाई.”

रंगरावनं मोडलेला तुकडा पानात ठेवला. “नोकरी त्यानं लावून देल्ली व्हती,” तो म्हणाला.

ती त्याच्या पानापाशी येऊन उभी राहिली. रंगराव पाटावरून उठला. हात धुवायला तिनं पाणी दिलं नाही, त्यानं मागितलं नाही.

दोन महिन्यांनी त्याला कामावरून काढल्याचा हुकूम आला. लशीच्या बाटल्यांचा हिशेब जुळत नाही, असं कारण होतं. महादेवरावही वऱ्हाडात पुन्हा दौऱ्यावर आले नाहीत. हिवऱ्याची गोष्ट त्यांच्या आधी दवाखान्यादवाखान्यांत पोचली होती, आणि शिपाईसुद्धा त्यांच्या हाताकडे पाहू लागले होते, असं म्हणतात. ते ऐकून रंगराव उंद्रीच्या घरी दोन दिवस खुशीत होता. मग त्यानं भावाच्या शेतात वाफे ओढायला घेतले. गावातलं जनावर आजारी पडलं की लोक अजून त्यालाच बोलवायचे.

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी तो चपला घालून अंगणातून बाहेर पडत होता, तेव्हा ओसरीवरून हाक आली नाही, पावलं आली. झुंबरबाई फाटकापर्यंत चालत आली होती. उन्हात तिचे डोळे बारीक झाले होते.

“पानी लय थंड व्हतं काय?” तिनं विचारलं.

रंगरावनं तिच्याकडे पाहिलं. खोटं सांगता आलं असतं.

“हाव,” तो म्हणाला.

म्हातारीनं मान हलवली, फाटकाची कडी लावली आणि दोन्ही उष्ट्या पत्रावळी उचलायला आत गेली.