न उतरणारी टोपी

आमच्या वेनकूम शहरात राजासमोरही टोपी न काढणारा एकच माणूस असतो, आणि माझ्या उमेदीच्या सगळ्या वर्षांत तो माणूस म्हणजे ॲम्ब्रोज लस्कम. महापौरांच्या पुढे शहराची तलवार उभी धरून चालायचं, हे त्याचं काम. त्याच्याही पुढे चांदीचा दंड घेऊन चालायचं, हे माझं. म्हणजे मी चोपदारीण. सगळ्यांत पुढे मी असले तरी लोक माझ्या डोक्यावरून बघायचे ते त्याच्या डोक्याकडे.

टोपी होतीच तशी. लाल मखमल, खाली पांढऱ्या केसाळ कातड्याचा काठ, आणि समोर चांदीचं पाणमांजर, तोंडात मासा धरलेलं. शहराच्या मानचिन्हात ढालीच्या वर हीच टोपी आहे आणि टोपीवर तुरा म्हणून हेच पाणमांजर उभं आहे. कुण्या जुन्या राजाने ती आम्हाला दिली, तेव्हापासून नियम एकच. तलवार हातात असेपर्यंत टोपी उतरायची नाही. राजासमोर नाही, बिशपसमोर नाही, चर्चमध्ये देवासमोरही नाही. तेवढा वेळ ते डोकं ॲम्ब्रोजचं नसतं, शहराचं असतं. एकदा जरी उतरली तरी हक्क गेला, असं आमच्याकडे शाळेतली पोरंसुद्धा सांगतात.

ॲम्ब्रोज एरवी नळदुरुस्ती करायचा. बुटका, पायांत जरा फेंगडा, बोलायला लाजणारा. पण टोपी चढली की हा माणूस कुठून एवढा उंच व्हायचा, देव जाणे. राजघराण्यातलं कुणी आलं की सूटबूटवाले उघड्या डोक्यांनी कमरेत वाकायचे आणि हा नळवाला ताठ उभा. उद्धटपणाचा लवलेशही नाही. मला दर वेळी त्याचा अभिमान वाटायचा, आणि मी सहसा कुणाचा अभिमान वगैरे बाळगत नाही.

त्याच्या बायकोला, हेटीला, मात्र ती टोपी खुपायची. ती चॅपलवाल्या घरातली, म्हणजे देवापुढे कसलाही थाटमाट न चालणाऱ्या कडक पंथाची.

"देवाच्या घरात टोपी! आणि वर मांजर बसवलेलं!"

"पाणमांजर आहे ते, हेटी."

"मांजरच ते. ओलं असलं म्हणून काय झालं?"

असं म्हणत म्हणत मिरवणुकीच्या आदल्या दिवशी त्या पांढऱ्या काठाला ब्रश करायची तीच. दुसऱ्या कुणी हात लावला तर अंगावर यायची.

शेवटच्या दुखण्यात तिने माझ्यादेखत त्याला सांगितलं, "ॲम्ब्रोज, माझ्या अंत्यविधीला तू उघड्या डोक्याने बसायचंस. मला शहर-बिहर नकोय तिथे. माझा नवरा हवाय."

"शब्द दिला," तो म्हणाला.

ती गेली. दुसऱ्याच दिवशी महापौर पिन्सेंट ॲम्ब्रोजच्या घरी आले. भपकेबाज माणूस, पण त्या दिवशी डोळे खरोखर ओले होते.

"लस्कम, तुमच्या मिसेसनी आजवरच्या प्रत्येक महापौराला केशरी बन खाऊ घातलेत. आम्ही ठरवलंय. पूर्ण लवाजम्यानिशी येणार. झगे, दंड, तलवार, सगळं. हा मान महापौरांच्या बायकांनाही कधी मिळालेला नाही!"

हेटीची बहीण तिथेच हुंदके देऊन रडायला लागली, आनंदाने. ॲम्ब्रोजचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. लवाजमा आला म्हणजे तलवार आली, तलवार आली म्हणजे टोपी आली, आणि तलवार धरण्याची शपथ सबंध शहरात एकट्या त्याचीच झालेली.

महापौर गेल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"अरे तोंड उघड ना! नको म्हणून सांग त्यांना!"

"कसं सांगू, ऑड्री? मिरवणूक निघाली की हेटी वरच्या खिडकीत उभी असायची. तोंडाने मला शिव्या, पण शेवटचा माणूस जाईपर्यंत खिडकी सोडायची नाही. आता ती मिरवणूक तिच्यासाठी निघतेय, ती मी परत पाठवू?"

"मग घाल टोपी आणि हो मोकळा. ती काय बघायला येणारे?"

बोलले आणि जीभ चावली. तो रागावला नाही. किटलीखालचा गॅस बंद करत एवढंच म्हणाला, "शब्द दिलाय ना."

"आणि शहराचा हक्क?"

"त्याचाही दिलाय."

मला त्याचा असा संताप आला की चहा न पिताच मी घरी गेले.

अंत्यविधीच्या दिवशी आम्ही महापालिकेतून निघालो. दंडाला आणि तलवारीच्या म्यानाला काळं कापड गुंडाळलेलं. दुकानदार दुकानं बंद करून रस्त्यावर उभे होते. माझ्या मागे ॲम्ब्रोजची पावलं नेहमीसारखीच पडत होती. चर्चच्या दाराशी सहा जण हेटीची शवपेटी खांद्यावर घेऊन थांबले होते. दारात रेक्टर, म्हणजे चर्चचे मुख्य पाद्री, उभे होते. टोपी ॲम्ब्रोजच्या डोक्यावरच होती. मी मनात म्हटलं, संपलं, बिचाऱ्याने शब्द मोडला.

तेवढ्यात मागची पावलं थांबली. मी वळले.

"जरा खाली घ्या तिला," ॲम्ब्रोज त्या सहा जणांना म्हणाला. त्यांनी पेटी कमरेपर्यंत खाली घेतली. उजव्या हातातली तलवार त्याने जराही कलू दिली नाही. डाव्या हाताने टोपी उचलली आणि पेटीवर ठेवली, बरोबर जिथे आत हेटीचं डोकं होतं तिथे. मग मखमल सारखी केली आणि पाणमांजर मधोमध आणलं.

"लस्कम!" महापौर दबक्या आवाजात ओरडले. "टोपी! अहो, आपला हक्क!"

"टोपी डोक्यावरच आहे, साहेब," ॲम्ब्रोज म्हणाला. "शहराचं डोकं आज ती आहे. मी नुसता तिचा नवरा."

महापौरांनी रेक्टरकडे पाहिलं. त्या टोपीपायी रेक्टर दर मिरवणुकीला दातओठ खात आलेले. त्यांनी ठरवलं असतं तर तिथल्या तिथे ती उचलायला लावली असती.

"या चर्चमध्ये ती टोपी आजवर कुणी काढायला लावली नाही," रेक्टर म्हणाले. "मी तर मुळीच लावणार नाही. आणा त्यांना आत."

पिन्सेंटसाहेबांनी स्वतःची तीनकोनी हॅट काढून काखेत धरली. मग नगरसेवकांना हाताने मागे सारत म्हणाले, "बाजूला व्हा रे. आधी त्या जातील."

पेटी पुन्हा खांद्यावर चढली. तिच्यामागे ॲम्ब्रोज उभा राहिला. टक्कल उघडं, कपाळावर टोपीच्या काठाचा लाल वळ, गालांवरून पाणी वाहतंय आणि ते पुसायला एक हात मोकळा असूनही तो पुसत नव्हता. टोपीशिवायही तो तेवढाच उंच दिसत होता.

सगळे माझ्यासाठी खोळंबले होते, कारण चोपदार हलल्याशिवाय मिरवणूक हलत नाही. मी दंड खांद्याला लावला आणि रडत रडतच आत चालू लागले.