समतोल

लिफाफा आला तेव्हा आई दोरीवरून नर्सचा पांढरा गणवेश काढत होती आणि बाबा मुलीसाठी सफरचंद कापत होते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत मुलगी चार गुणांनी मागे राहिली होती. त्या धक्क्याने तिने अंथरूण धरलं, म्हणून त्याच महाविद्यालयाच्या प्रवेश विभागात हेडक्लार्क असलेल्या बाबांनी आठवडाभर रजा टाकली होती.

"खा, डॉक्टरीणबाई." लहानपणापासून ते तिला हेच म्हणत.

"आता तरी चिडवू नका हं, बाबा."

लिफाफ्यात तिने मागवलेली गुणपत्रिकेची नक्कल होती. नकलेत एरवी फक्त अंतिम गुण दिसत. या नकलेत त्यांच्या अलीकडे आणखी एक रकाना होता: समतोल. आत हाताने लिहिलेलं, उणे ७. सातची शेपटी खाली ओढून हळुवार वर वळवलेली. बाबांनी काढून दिलेल्या अशाच सातावर बोट फिरवून ती आकडे शिकली होती.

बाबांनी सुरी खाली ठेवली. नक्कल काढताना त्या रकान्यावर पुठ्ठ्याची पट्टी ठेवायची असते. ती त्यांनीच कापलेली, त्यांच्याच खणात असते. आणि ते रजेवर होते.

"वरचा नियम आहे गं. बायका संसारात पडतात, वॉर्ड ओस पडतात, असं साहेब म्हणतात. म्हणून प्रत्येक मुलीचे सात. सोळा वर्षं."

"बावीस वर्षं वॉर्डात उभी आहे मी," आई म्हणाली. "ही तीन महिन्यांची असताना कामावर हजर झाले. माझे किती कापले असते हो तुम्ही?"

"ही हिची पत्रिका, हे मला काय ठाऊक! तिथे नावं नसतात, नुसते क्रमांक."

"पण मुलगी आहे, एवढं दिसत होतं ना, बाबा?"

ताटलीतल्या फोडी तांबूस पडू लागल्या होत्या.

"मी साहेबांच्या पाया पडतो," ते घाईने म्हणाले. "तुझे सात परत मिळतील. उद्याच प्रवेश. कुणाला कळणारसुद्धा नाही."

तिच्या डोळ्यांत क्षणभर महाविद्यालयाची पांढरी इमारत उजळली, आणि विझली.

"आणि बाकीच्यांचे?"

बाबा ताटलीतल्या फोडी सारख्या करू लागले.

"मग माझेही नकोत. मी कोर्टात जाणार आहे. हा सात कुणाचा, ते तिथे सांगाल?"

"नोकरी जाईल गं माझी."

"माझी तर लागण्याआधीच गेली."

तिने कागद घडी करून पिशवीत ठेवला. आईने गणवेश खुर्चीवर टाकला आणि पायांत चपला सरकवल्या. बाबांच्या ओठांवर 'डॉक्टरीण' हा शब्द आला, पण अर्ध्यातच मोडला.

दार लागलं. सोळा वर्षं अशा नकला घरोघर गेल्या होत्या, पट्टी नीट जागेवर ठेवून काढलेल्या. त्या वाचून किती मुलींनी स्वतःलाच मठ्ठ ठरवलं असेल, आणि पुस्तकं मुकाट्याने रद्दीत घातली असतील!